बिननावाचा मसुदा

सोमवार, ४ मार्च. सकाळी ६.२०

आजपासून रोज लिहिणार. कुणी वाचावे म्हणून नव्हे. ज्याच्या हाताखाली अकरा माणसे काम करतात, त्याने दिवसातून एकदा तरी समजूतदार व्यक्तीशी बोलले पाहिजे; आणि तशी व्यक्ती माझ्या परिचयात सध्या एकच आहे.

एप्रिलमध्ये उपप्रशासकाची जागा रिकामी होते आहे. ती मला मिळेल. तोवर विभाग निर्दोष झालेला असावा, एवढाच संकल्प. विभाग म्हणजे रुग्णालयाचा निर्जंतुकीकरण विभाग. ऑपरेशन थिएटरमधून आलेली उपकरणे धुवायची, मोजायची, ट्रेमध्ये बांधायची आणि वाफेच्या यंत्रातून काढून परत पाठवायची. रोज सकाळी सातला यंत्र रिकामे चालवतात आणि आत चाचणीचा कागद ठेवतात. कागद सर्वत्र सारखा काळा झाला की त्यावर विभागप्रमुख सही करतो, मगच पहिला माल आत जातो. सही फक्त माझी चालते. थोडक्यात, थिएटरचा दिवस माझ्या पेनातून उगवतो. हे वाक्य बरे जमले. कुठेतरी वापरावे.

सोमवार, सायंकाळी

सकाळी सही व्हायला ७.५० झाले. चिमटाताईंना द्यायच्या पत्र क्रमांक ९ चा तिसरा परिच्छेद जुळत नव्हता. थिएटरमधून दोनदा फोन आला म्हणे. फोन हे अधीर माणसांचे साधन आहे.

चिमटाताई म्हणजे बांधणीच्या पहिल्या टेबलावरच्या बाई. एकोणीस वर्षे इथे आहेत. डोळे मिटलेले असताना हातात चिमटा दिला तरी तो कोणत्या ट्रेमधला हे सांगतात, यावरून हे नाव. त्यांचे कसब मला मान्य आहे. परंतु ट्रेवरची टेप त्या तिरकी लावतात. चार अंशांचा कोन होतो. मी कोनमापकाने मोजला. तोंडी सांगितले असते तर दोन मिनिटांत विषय संपला असता, आणि नेमके तेच मला नको आहे. सांगितलेले संपते, लिहिलेले राहते.

‘लेखी मार्गदर्शन : कार्यपद्धती’ ही बेचाळीस पानी पुस्तिका तीन वर्षांपूर्वी मीच लिहिली. रुग्णालयातील वरिष्ठाने कनिष्ठाची चूक कागदावर कशी दाखवावी, याचे संपूर्ण शास्त्र तीत आहे. प्रशासिका बाईंच्या हट्टापायी एक कलम सातवे घालावे लागले : पत्र देण्याआधी त्याचा मसुदा, वर नाव न घालता, ज्याचा त्याला दाखवावा आणि त्याचे म्हणणे विचारावे, म्हणजे कागद कुठे पडला तरी माणसाची चारचौघांत शोभा होत नाही. ते कलम मी लहान टायपात छापून घेतले आणि स्वतः कधी वापरले नाही. ज्याला लिहिता येते, त्याला विचारावे लागत नाही.

मंगळवार, ५ मार्च

पत्र ९ दिले. ताईंनी उभ्याउभ्या वाचले, सही केली आणि म्हणाल्या की पत्र छान आहे, पण टेपच्या रिळाचा दांडा मोडलाय, तेवढा बदलून मिळाला तर टेप आपसूक सरळ बसेल. हा खुलासा होता. खुलाशासाठी फॉर्म ‘ग’ आहे. त्यांनी तो भरला नाही.

दुपारी फेरी मारली. पत्र चार घड्या घालून टेबलाच्या आखूड पायाखाली सारलेले. दीड वर्षात ते टेबल प्रथमच डुगडुगत नव्हते. पत्र १० ला विषय मिळाला.

घरी फ्रिजवर एक सौम्य सूचना लावली होती : ‘बरण्यांची झाकणे पूर्ण फिरवून बंद करावीत.’ पत्नीने ती काढून मागच्या कोऱ्या बाजूवर सामानाची यादी लिहिली. साबण, काडेपेटी, मीठ, तेल, मीठ. कागदाची बचत म्हणून मी गप्प बसलो. परंतु मीठ दोनदा आहे.

शुक्रवार, ८ मार्च

विभागातल्या चौघांनी बदलीचे अर्ज दिले. चौघांनाही चादरी-कपडे धुणाऱ्या धुलाई विभागात जायचे आहे. सक्षम माणसाजवळ काम करणे सर्वांना झेपत नाही. हे मी पुस्तिकेच्या प्रस्तावनेतच लिहिले होते.

धुलाई विभागाचा प्रमुख हे एक प्रकरणच आहे. सगळे त्याला ‘फेस’ म्हणतात आणि त्याला ते आवडते, यावरून काय ते समजावे. कुणाचे चुकले की हा जवळ जातो, खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘राजा, हे परत धू.’ झाले याचे मार्गदर्शन. कागद नाही, क्रमांक नाही, पोच नाही. त्याच्याकडची मार्गदर्शन-फाइल मी एकदा मागून पाहिली. तीत त्याचा डबा बांधायचा रुमाल होता.

आजच्या सहीला जरा वेळ लागला. यंत्र चालवणारे गृहस्थ, ज्यांना सगळे वाफवाले म्हणतात, त्यांनी रजिस्टरमध्ये वेळ ‘७’ अशी लिहिली होती. ‘७.००’ हवी. संपूर्ण पान पुन्हा लिहून घेतल्याशिवाय मी सही केली नाही. सर्जन हात धुऊन चाळीस मिनिटे उभे होते असे नंतर कळले. हात धुतलेलेच होते, त्यात त्यांचे बिघडले काय.

वाफवाले पान लिहिताना काहीतरी पुटपुटत होते. विचारले तर म्हणाले, ‘काही नाही सर, सात म्हणजे सातच ना.’ पत्र ११.

सोमवार, ११ मार्च. सकाळी ९.४०

आज अक्षर नेहमीपेक्षा मोठे येते आहे. आनंदाने.

प्रशासिका बाईंनी माझ्या टेबलावर पाकीट ठेवले आहे. आत दोन टाइप केलेली पाने. एका विभागप्रमुखाला द्यायच्या मार्गदर्शन पत्राचा मसुदा. वर नाव नाही. कोपऱ्यात पेन्सिलीने : ‘वाचून तुमचं म्हणणं मोकळेपणानं लिहा. घाई नाही.’

अखेर कळले म्हणायचे. गेल्या वर्षी त्यांनी पार्किंगचे परिपत्रक माझ्याकडे तपासायला दिले होते. आता थेट विभागप्रमुखांची पत्रे. उपप्रशासकाचे काम दुसरे काय असते?

नाव नसले तरी दोन ओळींत मला माणूस कळला. फेस.

‘आपल्या विभागातून दिवसाची सुरुवात वेळेवर होत नाही, त्यामुळे थिएटरला थांबावे लागते.’ बरोबर. परवा हिरव्या चादरी पावणेनऊला गेल्या. ‘सहकाऱ्यांशी वागण्याची आपली रीत त्यांना दूर लोटणारी आहे.’ राजा म्हणतो लोकांना! ‘मूळ काम सोडून आपला बराच वेळ भलतीकडे जातो.’ विनोद सांगण्यात. ‘काहीजण आपला विभाग सोडू पाहत आहेत.’ त्याचेही लोक सोडून चालले आहेत, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या त्या चौघांना ही ओळ दाखवता आली असती तर बरे झाले असते.

मसुदा मात्र कमालीचा पुळचट आहे. शेवटी लिहिले आहे, ‘आपली सचोटी आणि आपला अभ्यास यांविषयी संस्थेला आदर आहे.’ फेसाचा अभ्यास! भिडेपोटी बाई किती खोटे लिहू शकतात. त्यापुढे, ‘तीन महिन्यांत अपेक्षित बदल दिसावा, त्यासाठी लागेल ती मदत आम्ही करू.’ हे मार्गदर्शन आहे की आजारपणाची रजा?

लाल पेन नवे आणायला सांगितले. जुने उपलब्ध आहे, पण प्रसंग पाहता.

मंगळवार, १२ मार्च. सायंकाळी

मसुदा घरी आणला. जेवणाच्या टेबलावर दोन तास काम. पत्नी भाजी निवडत समोर बसली होती. तिने पाने ओढून घेतली आणि माझ्या दुरुस्त्यांसकट वाचली. भाजी निवडायची थांबली. मग विचारले, हे खरेच असेच देणार का.

मी म्हणालो, अर्थात.

ती म्हणाली, ‘मूळचं बरं होतं हो. शेवटचं ते आदराचं वाक्य का खोडलंत? खरं आहे ते.’

तिची फेसाशी ओळख एकदाच, वार्षिक संमेलनात झाली आहे. त्याने तिला दोन विनोद सांगितले आणि ती हसली होती. एवढ्यावर सचोटी ठरवते. मी शांतपणे समजावले की पत्रात गोडवा घातला की माणूस तेवढाच चाटतो आणि औषध टाकून देतो. तिने निवडलेली भाजी गोळा केली. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. गेल्या कित्येक वर्षांत तिने असे केल्याचे स्मरत नाही. गद्याचा परिणाम होतो तो असा.

बुधवार, १३ मार्च

काम संपले. थोडक्यात नोंद : आदराचे वाक्य काढले. मदतीचे वाक्य काढले. ‘तीन महिने’ ऐवजी ‘कामकाजाचे दहा दिवस’ केले. ‘अपेक्षित बदल दिसावा’ हे मेंगळट होते, तिथे घातले : ‘बदल न दिसल्यास विभागप्रमुख पदावरून मुक्त करण्यात येईल.’ अखेरीस एक वाक्य संपूर्ण माझे : ‘याबाबत कोणताही तोंडी खुलासा ऐकून घेतला जाणार नाही.’

हे वाक्य मोठ्याने वाचले. घंटेसारखे वाजते.

या गडबडीत सकाळची सही ८.१० ला. वाफवाले दाराशी कागद घेऊन अर्धा तास उभे होते. त्यांनी खाकरायला हवे होते.

गुरुवार, १४ मार्च

मसुदा स्वतः नेऊन दिला. बाईंनी दोन्ही पाने वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, ‘इतकं कडक आजवर कुणी लिहून दिलं नाही हो मला. लोक रडतात, भांडतात, युनियनकडे जातात. तुमची खात्री आहे?’

मी म्हणालो, खात्री नसती तर शाईने लिहिले नसते.

‘तीन महिने तरी राहू द्या.’

मी सांगितले की जो दहा दिवसांत सुधारत नाही, तो तीन महिन्यांतही सुधारणार नाही. तेवढे दिवस फक्त थिएटर ताटकळते. बाईंनी पाने माझ्याकडे सरकवली. त्यांनी खाली सही मागितली. मी लिहिले : ‘पाहिले. पूर्णतः सहमत.’ त्या उठल्या आणि टेबलाला वळसा घालून त्यांनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाल्या, त्यांचा माझ्याविषयी गैरसमज झाला होता.

माणसे उशिरा ओळखतात. चालायचेच.

सोमवार, १८ मार्च

शिपायाने बंद पाकीट आणून दिले, रजिस्टरवर सही घेतली. पत्राची अंतिम प्रत. लेखकाला त्याच्या कामाची प्रत देण्याची पद्धत या रुग्णालयात नव्हती. बाईंनी नवीन पायंडा पाडलेला दिसतो. सौजन्य आहे. उघडले नाही. आत काय आहे ते मला पाठ आहे, आणि टाइप करणाऱ्याने एखादा स्वल्पविराम गाळला असेल तर दिवस खराब जाईल. पाकीट ‘नमुने’ फाइलमध्ये.

फेसालाही आजच मिळाले असणार. म्हणजे उद्यापासून मोजले तर दहावा दिवस शुक्रवार, २९ तारखेला.

गुरुवार, २१ मार्च

दिवस तिसरा. दुपारी मुद्दाम धुलाई विभागावरून गेलो. फेस एका बाईला चादरीची घडी शिकवता शिकवता स्वतःच चादरीत गुंडाळला गेला होता आणि सगळे पोट धरून हसत होते. पदावरून मुक्त होण्यास सात दिवस राहिलेल्या माणसाची ही तऱ्हा. मला पाहून हसणे थांबले. फेस चादरीतून बाहेर आला, माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, काही लागलं तर सांगा, सकाळी मी लवकर येतोच, हवं तर तुम्हाला घ्यायला घरी येईन.

लाच. नोंद करून ठेवली.

शनिवार, २३ मार्च

दिवस पाचवा. आज एक विचित्र प्रकार झाला. पत्र १२ द्यायला (विषय : हातमोजे काढून फेकण्याची दिशा) मी चिमटाताईंकडे गेलो. त्यांनी ते घेतले, वाचले नाही, आणि इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, ‘साहेब, ते पाकीट उघडून बघा की एकदा.’

कुठले पाकीट असे मी विचारले.

‘शिपायानं दिलं ते. सगळ्यांना माहितीय. अजून वेळ आहे, म्हणून म्हणते. सकाळी सातला येऊन यंत्रापाशी नुसते उभे राहा. बाकी काही करू नका. लिहूसुद्धा नका. मी बघते बाकीचं.’

गोपनीय पत्रव्यवहाराची वार्ता बांधणीच्या टेबलापर्यंत पोहोचली आहे, हे गंभीर आहे. त्याहून गंभीर म्हणजे कनिष्ठाने वरिष्ठाच्या हजेरीविषयी तोंडी सूचना करणे. ताईंच्या डोळ्यांत पाणी असल्यासारखे वाटले, वाफेमुळे असेल. सोमवारी पत्र १३ देणार.

मंगळवार, २६ मार्च

दिवस सातवा. सकाळची सही ८.२५. कारण : पत्र १३ ची कार्बन प्रत पुसट आली, पुन्हा करावी लागली.

व्हरांड्यात बाई भेटल्या. विषय मीच काढला. म्हणालो, सात दिवस झाले, विभागात काडीचा बदल नाही, मी रोज पाहतो आहे. बाई म्हणाल्या, हो, त्याही पाहताहेत, आणि त्यांना वाईट वाटते आहे. मला ही दुर्बळता जाणवली. मी स्पष्ट सांगितले की आता मन कच्चे करू नये. त्या थांबल्या. हळूच म्हणाल्या, ‘तुम्ही म्हणालात तर मी अजूनही मुदत वाढवू शकते. फक्त म्हणा.’

मी म्हणालो, ‘नियम सर्वांना सारखा.’

त्या मान हलवून निघून गेल्या. उपप्रशासक झाल्यावर प्रथम त्यांच्या निर्णयक्षमतेविषयी काहीतरी लिहावे लागेल. अर्थात आदरपूर्वक.

शुक्रवार, २९ मार्च

दिवस दहावा. सही ८.०५.

उद्या सकाळी दहाला बाईंच्या खोलीत बोलावले आहे. पुस्तिकेच्या कलम एकोणिसाप्रमाणे असा निर्णय दुसऱ्या विभागप्रमुखाच्या साक्षीने सांगावा लागतो. साक्षीदार म्हणून मी. स्वाभाविक निवड. पत्नीला इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायला सांगितले. तिने कशासाठी ते विचारले नाही. शर्टाबरोबर हातरुमालही काढून ठेवला. त्याची काय गरज, कळले नाही.

शनिवार, ३० मार्च. सकाळी ११.३०

दहाला दोन मिनिटे कमी असताना पोहोचलो. फेस आधीच बसला होता, भिंतीकडच्या खुर्चीवर. मी नेहमी भिंतीकडच्या खुर्चीवर बसतो. बाईंच्या समोरची खुर्ची रिकामी होती.

बाईंनी विचारले, पत्र सोबत आणलेत का. आणले होते, नमुना म्हणून. त्या म्हणाल्या, ‘अजून बंद आहे हे?’ आणि फेसाकडे पाहिले. फेस खाली पाहत होता.

उघडले.

टाइपिंग निर्दोष होते. स्वल्पविराम जागच्या जागी. माझे प्रत्येक वाक्य माझ्याच क्रमाने. वरच्या उजव्या कोपऱ्यात पद आणि नाव होते. पद विभागप्रमुख, निर्जंतुकीकरण.

त्याखालची ओळ मी पुन्हा वाचली. मग वरची पुन्हा.

मी म्हणालो की यात एक छोटीशी गफलत झाली आहे आणि मी ती दोन वाक्यांत स्पष्ट करतो. बाईंनी दुसऱ्या पानाच्या तळाशी बोट ठेवले. तोंडी खुलासा ऐकून घेतला जाणार नाही. घंटेसारखे वाजणारे वाक्य.

फेस म्हणाला, ‘अहो बाई, बोलू द्या ना त्यांना. कागदाचं काय घेऊन बसलात.’

बाई म्हणाल्या, ‘मी तीन महिने म्हणत होते. परवासुद्धा विचारलं. यांच्या सहीनं आलंय हे.’

साक्षीदाराच्या जागी फेसाने सही केली. त्याला साक्षीदाराचा रकाना कुठे असतो तेही ठाऊक नव्हते. मीच दाखवला.

शनिवार, सायंकाळी

पत्नीला सांगितले. तिला ठाऊक होते. मसुदा वाचला त्याच दिवशी कळले होते.

मी विचारले, मग बोलली का नाहीस.

ती म्हणाली, ‘मला वाटलं तुम्हाला माहितीय. लाल पेन घेऊन इतकं लिहीत होतात. वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस स्वतःचं काय चुकलं ते कबूल करतोय, तेही एवढं कडक. मला रडू येत होतं. मध्येच बोलून मोडायचं कशाला?’

खांद्यावरचा हात गद्यासाठी नव्हता तर.

पुस्तिका काढून कलम सात वाचले. टाइप फारच लहान आहे. चष्मा घालूनही.

सोमवार, १ एप्रिल

नवीन नेमणूक : बांधणीचे टेबल क्रमांक तीन. नव्या विभागप्रमुख चिमटाताई. बाईंनी मला रेकॉर्ड विभागात, तळघरात पाठवायचे ठरवले होते. ताईंनी मागून घेतले, असे वाफवाले म्हणाले. म्हणाल्या, ‘डोळे चांगले आहेत त्यांचे, मोजायला बसवते.’

ताईंनी विभागप्रमुखाची खुर्ची भिंतीला लावली आहे. त्या ६.५५ ला यंत्रापाशी उभ्या असतात. कागद काळा झाला, सही झाली, ७.२० ला पहिला माल आत. थिएटरमधून फोन आला नाही. टेपच्या रिळाला नवा दांडा बसला आहे. सगळ्या टेबलांवरच्या टेपा सरळ आहेत. मी कोनमापकाने पाहिले. अंश शून्य.

चौघांनी बदलीचे अर्ज मागे घेतले. योगायोग म्हणता येईल. मी म्हणणार नाही, पण म्हणता येईल.

शुक्रवार, ५ एप्रिल

उपप्रशासकाच्या जागेवर फेसाची नेमणूक. सूचनाफलकावरच्या परिपत्रकात त्याच्या हुद्द्याचा समास चुकला आहे. मी लाल पेन खिशातून काढले. ठेवून दिले.

जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी आला. खांद्यावर हात ठेवला. राजा म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरे झाले असते.

गुरुवार, ११ एप्रिल. सायंकाळी

आज माझ्याकडून एक चूक झाली.

पोटाच्या शस्त्रक्रियेचा मोठा ट्रे. त्यात धमनी दाबायचे चिमटे बारा लागतात. मी अकरा घातले. मी मोजले होते. दोनदा. ताई फेरी मारत होत्या. चालता चालता त्यांनी ट्रेला हात लावला, उचलून पाहिला आणि थांबल्या. वजनावरून कळले त्यांना. हा ट्रे तसाच गेला असता, तर कुणाचे तरी पोट उघडे असताना बाराव्या चिमट्यासाठी हात पुढे झाला असता.

मी सरळ उभा राहिलो. माझी तयारी होती.

ताईंनी शेजारच्या टबमधून एक चिमटा घेतला, ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, ‘एक राहिला होता. बांधा आता.’ आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

दिवसभर पत्राची वाट पाहिली. अशा चुकीला त्याच दिवशी पत्र देण्याचा दंडक आहे. मीच घातला आहे. पाळी संपताना ताईंच्या खोलीपाशी गेलो आणि विचारले, पत्र उद्या मिळेल का. त्यांना काही उमगेना.

‘कसलं पत्र? घातला ना चिमटा.’

दिवा बंद करून त्या निघाल्या. जाताना म्हणाल्या, उद्या पाऊण तास उशिरा आलात तरी चालेल, दमलेले दिसता.

म्हणजे विषय संपला. कुठेही नोंद नाही. एकोणतीस वर्षांच्या नोकरीतली माझी ही पहिली चूक, आणि तिला साधा क्रमांकसुद्धा नाही.

घरी येऊन मसुदा मीच केला. ट्रे क्रमांक, वेळ, अकरा आणि बारा, संभाव्य परिणाम. दोन परिच्छेद, एकही शब्द जास्तीचा नाही. पद्धतीप्रमाणे वर नाव घातलेले नाही. खाली ‘आपले म्हणणे’ असा रकाना आखला. त्यासमोर अर्धा तास पेन धरून बसलो.

चहा घेऊन परत आलो, तर पत्नीने त्या कोऱ्या रकान्यात सामानाची यादी लिहून ठेवली होती. साबण, तेल, काडेपेटी, मीठ.

मीठ एकदाच आहे.